जोड सूर्यघटांतील गळतीचा शोध

गोंदिया जिल्ह्यांतील धानाची शेती ज्यानें पाहिली आहे, त्यास गळती म्हणजे काय हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. तलावाचें पाणी वरच्या बांधींतून खालच्या बांधींत आणि तेथून तिच्याही खालच्या बांधींत असें उतरत जातें. एखाद्या बांधाला खेंकड्यानें भोंक पाडलें, तर वरून कांहींच दिसत नाहीं. शेवटच्या बांधींतलें धान पिवळें पडूं लागलें म्हणजे पाणी मध्येंच कोठें तरी मुरतें आहे, एवढें मात्र कळतें. मग जाणता शेतकरी बांधाच्या कोरड्या बाजूनें चालत जातो आणि ओल कोठें फुटली आहे तें पाहतो. शेवटीं किती पाणी पोंचलें हें मोजून त्याचें काम भागत नाहीं. तें कोठें हरवलें, हें त्यास डोळ्यांनीं पाहावें लागतें.

सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या घटांची परीक्षा करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें आज अगदीं हाच प्रश्न उभा आहे. ज्या जिल्ह्यांत तिरोड्याचें ३,३०० मेगावॉट शक्तीचें औष्णिक केंद्र कोळसा जाळून वीज करतें, त्याच जिल्ह्यांतील शेतांत सौर पंप बसूं लागले आहेत. राज्य सरकारची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना आणि केंद्र सरकारची घरांच्या छपरांसाठीं असलेली सूर्यघर योजना, या दोन्ही २०२४ सालीं निघाल्या. या पंपांवर व छपरांवर जीं पॅनेलें दिसतात, तीं बहुधा सिलिकॉनच्या एकाच थराचीं असतात. प्रयोगशाळांतून मात्र एकावर एक असे दोन घट रचून केलेला जोडघट आकारास येत आहे. त्यांतील गळती शोधण्याची विद्या हाच या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम दोन घटांची आवश्यकता कां भासली तें पाहावें. सूर्यप्रकाश एकरंगी नाहीं. निळ्या, हिरव्या, तांबड्या व डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचें तें मिश्रण आहे. निळ्या किरणाच्या प्रत्येक कणांत शक्ति अधिक असते, अवरक्त किरणाच्या कणांत ती थोडी असते. सिलिकॉनचा स्वभाव असा कीं, एका ठराविक मर्यादेहून अधिक शक्तीचा कोणताही कण आला तरी त्याचें मोल तें सारखेंच देतें. रुपयाचें नाणें दिलें तरी आठ आण्यांचाच माल द्यावयाचा आणि उरलेले पैसे परत करावयाचे नाहींत, असा एखादा दुकानदार असावा, तसा हा प्रकार होय. उरलेली शक्ति उष्णता होऊन वायां जाते. शॉक्ली व क्वाइसर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६१ सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, एका थराचा घट कितीही निर्दोष केला तरी पडणाऱ्या प्रकाशाच्या सुमारें एकतृतीयांशाहून अधिक शक्ति त्यापासून विजेच्या रूपानें मिळावयाची नाहीं. सिलिकॉनची स्वतःची सीमा तर शेंकडा २९ च्या आसपासच आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं पुढें आणलेला पहिला उपयुक्त सिलिकॉन-घट शेंकडा ६ च्या सुमारास होता. तेथून निघालेला प्रवास आतां त्या सीमेच्या अगदीं जवळ येऊन ठेपला आहे.

यावर उपाय असा कीं, निळ्या-हिरव्या किरणांसाठीं एक दुकानदार आणि तांबड्या-अवरक्त किरणांसाठीं दुसरा, असे दोन नेमावे. वरचा थर पेरॉव्हस्काइट जातीच्या पदार्थाचा करतात. तो अधिक शक्तीचे किरण टिपतो व त्यांचें मोल अधिक दाबानें देतो. उरलेले किरण त्यांतून पार होऊन खालच्या सिलिकॉनवर पडतात. यांत एक मौजेचा योगायोग आहे. प्रकाशानें वीज उत्पन्न होते हें बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञास १८३९ सालीं दिसलें, आणि त्याच सालीं उरल पर्वतांतील एका खनिजास गुस्टाव्ह रोझ यानें पेरॉव्हस्काइट हें नांव दिलें. त्या खनिजासारखी स्फटिकरचना असलेले कृत्रिम पदार्थ सूर्यघटांत वापरण्याचा पहिला प्रयोग जपानांत मियासाका यांच्या शिष्यवर्गानें २००९ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां त्याची कार्यक्षमता शेंकडा ४ देखील नव्हती. पुढें पंधरा वर्षांत, २०२४ सालीं, लोंजी या चिनी कंपनीच्या पेरॉव्हस्काइट-सिलिकॉन जोडघटानें शेंकडा ३४·६ चा आंकडा गांठला. एकट्या सिलिकॉनला जी सीमा कधींच ओलांडतां येणार नाहीं, ती जोडघटानें ओलांडली.

महाराष्ट्रांतही या विषयाचा अभ्यास चालू आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें सौरविद्युत संशोधन व शिक्षण यांचें राष्ट्रीय केंद्र २०१० सालीं स्थापन झालें. तेथील प्राध्यापक दिनेश काबरा यांच्या गटानें पेरॉव्हस्काइटचा अर्धपारदर्शक घट सिलिकॉनच्या घटावर ठेवून शेंकडा २६ हून अधिक कार्यक्षमतेचा जोडघट केल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. हा जोडघट चार अग्रांचा आहे; म्हणजे वरच्या घटाच्या दोन तारा निराळ्या आणि खालच्या घटाच्या दोन निराळ्या. या रचनेंत दोघांचा संसार वेगळा असल्यामुळें कोण किती कमावतो हें सरळ मोजतां येतें. मात्र तारा, संपर्काचे थर व जोडण्या वाढतात. दुसरी रचना दोन अग्रांची. तींत दोन्ही घट एकमेकांस चिकटून एकाच सांखळींत जोडलेले असतात आणि बाहेर फक्त दोनच तारा येतात. ही रचना सुटसुटीत खरी, परंतु परीक्षकाची खरी पंचाईत येथेंच होते.

ती पंचाईत अशी. एका सांखळींत जोडलेल्या दोन घटांतून एकच प्रवाह वाहतो. वरच्या बांधींतून जेवढें पाणी सुटेल, तेवढेंच खालच्या बांधीस मिळावयाचें. दोहोंपैकीं जो कमी प्रवाह देऊं शकतो, तो दुसऱ्यासही अडवून धरतो. दाबाची मात्र बेरीज होते. वरचा घट १·२ व्होल्टच्या आसपास आणि खालचा ०·७ व्होल्टच्या आसपास दाब देतो, आणि बाहेर मोजणाऱ्यास सुमारें १·९ व्होल्ट दिसतात. आतां एखाद्या जोडघटाचा दाब अपेक्षेहून शतांश सहा व्होल्टनें कमी भरला, तर ही तूट वरच्याची कीं खालच्याची? कीं दोघांची थोडी थोडी? मध्यें तार घालून मोजावें म्हटलें, तर वरचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या सुमाराचा, म्हणजे मनुष्याच्या केंसाच्या शतांशाहूनही पातळ! तेथें तार घालणें म्हणजे घटच मोडणें होय.

नुकसानीचे प्रकार तरी किती आहेत? पहिला, गळतीचा : थरांत सूक्ष्म छिद्र किंवा धुळीचा कण राहिला, तर वीज बाहेरच्या मंडलांत न जातां तेथूनच आंतल्या आंत निसटते. दुसरा, पुनर्मीलनाचा : प्रकाशानें मोकळे झालेले इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यापूर्वींच स्फटिकांतील दोषांपाशीं आपल्या रिकाम्या जागीं परत पडतात आणि त्यांची शक्ति उष्णतेंत जाते. तिसरा, रोधाचा : चांदीच्या बारीक रेघा तुटल्या किंवा संपर्क सैल राहिला, कीं वीज वाटेंतच झिजते. आणि चौथा, जोडघटाचा खास असा, विषमतेचा : दोन घटांचे प्रवाह जुळत नाहींत. बाहेरून पाहतां या चारही दुखण्यांचें लक्षण एकच, वीज कमी; औषध मात्र प्रत्येकाचें निराळें. छिद्र असेल तर थर पसरण्याची रीत सुधारली पाहिजे, संपर्क सैल असेल तर धातूची रेघ, आणि प्रवाह जुळत नसतील तर थराची जाडी बदलली पाहिजे. निदान चुकलें कीं महिन्यांचे श्रम वायां गेले.

या अडचणींतून वाट काढली ती प्रकाशानेंच. सूर्यघट आणि दिवा हीं दोन निराळीं यंत्रें नसून एकाच यंत्राच्या दोन दिशा आहेत. घटावर प्रकाश पाडला तर वीज निघते. उलट अंधारांत त्याच घटांत वीज सोडली, तर तो प्रकाश देऊं लागतो. स्फटिकांत वीज सोडल्यानें प्रकाश पडतो हें इंग्लंडच्या राउंड यास १९०७ सालीं प्रथम दिसलें होतें. आज घरोघरीं जळणारे एलईडी दिवे याच गुणाचें फळ होत. सिलिकॉन हा फार मंद दिवा आहे. त्याची दीप्ति सुमारें १,१५० नॅनोमीटर तरंगलांबीची, म्हणजे डोळ्यांस मुळींच न दिसणारी असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. मनुष्याची दृष्टि तांबड्या बाजूस ७०० नॅनोमीटरच्या थोडी पलीकडे संपते. परंतु योग्य कॅमेऱ्यास ती दीप्ति दिसते. जपानांत फुयुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं या पद्धतीनें सिलिकॉन-घटांचीं चित्रें घेऊन दाखविलीं, आणि वैद्यास जशी क्ष-किरणांची छबी, तशी घटाच्या परीक्षकास ही विद्युत्-दीप्तीची छबी मिळाली. जेथें घट निरोगी तेथें चित्र उजळ. जेथें तडा, गळती किंवा तुटलेली रेघ, तेथें काळा डाग.

जोडघटास ही रीत विशेष लागू पडते, कारण त्यांतील दोन्ही घट आपापल्या रंगानें बोलतात. पेरॉव्हस्काइटची दीप्ति ७४० नॅनोमीटरच्या आसपास, दृष्टीच्या अगदीं कडेवर पडते. सिलिकॉनची १,१५० च्या आसपास. कॅमेऱ्यापुढें एक गाळणी लावली तर फक्त वरच्या घटाचें चित्र येतें, दुसरी लावली तर फक्त खालच्याचें. तार न घालतां, घट न मोडतां, चिकटलेल्या दोन थरांचीं दोन स्वतंत्र चित्रें हातीं येतात. मग तीं एकमेकांशेजारीं ठेवून वाचावयाचीं. वरच्याच्या चित्रांत डाग आहे आणि खालच्याचें चित्र स्वच्छ आहे, तर दोष पेरॉव्हस्काइटच्या थरांत. दोन्ही चित्रांत एकाच जागीं काळोख असेल, तर तेथवर वीजच पोंचत नाहीं. वरची रेघ किंवा संपर्क तपासावा. आणि वर काळा डाग असून त्याच्याच खालीं सिलिकॉन अधिक उजळला असेल, तर वरच्या थराच्या छिद्रांतून प्रवाहाची धार एकवटून खालीं उतरत असल्याचा दाट संशय घ्यावा. बांधाच्या भोंकाखालीं ओल दिसावी, तसाच हा प्रकार होय.

चित्र केवळ दोषाची जागा दाखवितें असें नाहीं. तें हिशेबही देतें. दीप्ति आणि घटांतील दाब यांचें नातें ठराविक नियमाचें आहे. साधारण हवेंत घटाचा दाब सुमारें ६० मिलिव्होल्टनें उतरला, कीं त्याची दीप्ति दहांपट कमी होते. तितकाच चढला, कीं दहांपट वाढते. म्हणून कॅमेरा नीट पारखून घेतला असेल, तर चित्राच्या प्रत्येक बिंदूच्या उजेडावरून त्या जागीं त्या घटाचा दाब किती आहे हें काढतां येतें. मघां जी शतांश सहा व्होल्टची तूट सांगितली, ती कोणाच्या पदरीं घालावयाची हा प्रश्न याप्रमाणें सुटतो. ज्याची दीप्ति दशांशावर आली, तूट त्याची. प्रवाह पायरीपायरीनें वाढवीत अशीं अनेक चित्रें घेतलीं, तर दोन्ही घटांच्या स्वभावाचे निरनिराळे आलेख मांडतां येतात. दीप्ति आणि वीज देण्याची क्षमता यांचा हा संबंध जर्मनींतील उवे राउ यांनीं २००७ सालीं सूत्ररूपानें मांडला. त्याचें तात्पर्य असें कीं, जो घट दिवा म्हणून चांगला, तोच घट म्हणूनही चांगला.

एकाच घटाचें चित्र मंद आणि जोरदार अशा दोन प्रवाहांवर घेण्याची युक्तिही तितकीच उपयोगी आहे. गळतीचा डाग मंद प्रवाहांत ठळक दिसतो आणि प्रवाह वाढवितांच फिका पडतो, कारण थोड्या पाण्याचें भोंकांतून पुष्कळसें निसटतें, पण पूर आला म्हणजे तेवढ्या निसटण्याचें कांहीं वाटत नाहीं. रोधाचा डाग याच्या उलट. मंद प्रवाहांत तो दिसत नाहीं, जोरदार प्रवाहांत उमटतो. कारण अरुंद पाटाची अडचण पाणी भरपूर आलें म्हणजेच जाणवते. सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन डागांची जात अशी ओळखतां येते.

तथापि विद्युत्-दीप्तीस एक मर्यादा आहे : घट पुरा झाला पाहिजे, त्यास तारा जोडल्या पाहिजेत. अर्धवट तयार झालेल्या थराची परीक्षा कशी करावी? त्यासाठीं दुसरी रीत, प्रकाश-दीप्तीची. हींत विजेऐवजीं प्रकाशच सोडतात आणि त्यानें चेतलेल्या पदार्थाची स्वतःची दीप्ति टिपतात. ऑस्ट्रेलियांत न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाच्या ट्रुप्के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं या रीतीनें सिलिकॉनच्या सबंध चकतीचें चित्र घेण्याची पद्धति दाखविली. जोडघटांत तर किरणाची निवड करून हव्या त्या थरास जागें करतां येतें : निळा किरण वरचा थर गिळतो, अवरक्त किरण त्यांतून पार होऊन खालच्यास चेतवितो. शिवाय घट पुरा झाल्यावर त्याच्या तारा उघड्या ठेवून एक चित्र आणि जोडून दुसरें चित्र घेतात. तारा जोडतांच वीज बाहेर निघून जाते व दीप्ति मंदावली पाहिजे. जो भाग तरीही उजळच राहिला, त्याची वीज बाहेर पडत नाहीं असें समजावें. दोन घटांच्या प्रवाहांतील विषमता देखील अंधारांतील चित्रांत सांपडत नाहीं. ती पाहावयास घट प्रकाशाखालींच ठेवून तपासावा लागतो.

तिसरी रीत उष्णतेची. निसटलेली वीज शेवटीं उष्णताच होते, म्हणून गळतीची जागा सभोंवतालच्या भागाहून किंचित् तापते. हर्शेल यानें १८०० सालीं जे अवरक्त किरण शोधून काढले, त्यांच्याच लांब तरंगांचा कॅमेरा ही उष्णता टिपतो. सूर्यघटांतील उष्णता फार लवकर पसरते; म्हणून प्रवाह ठराविक तालानें चालूबंद करून त्याच तालानें बदलणारी उष्णता तेवढी वेंचून घेतात. यामुळें अंशाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक दिसूं शकतो. पण उष्णतेस रंग नाहीं. थर इतके पातळ आणि लगटलेले कीं, ऊब वरच्याची कीं खालच्याची हें एकट्या उष्माचित्रावरून सांगतां येत नाहीं. म्हणून उष्माचित्र गळतीची जागा दाखवितें, दीप्तिचित्र तिचा मालक दाखवितें, आणि दोघांची साक्ष मिळून निवाडा होतो.

साक्षीदारांची उलटतपासणीही करावी लागते. वरच्या घटाची दीप्ति खालीं जाऊन सिलिकॉनला चेतविते, म्हणून खालच्याच्या उजेडांत वरच्याचा वांटा मिसळलेला असूं शकतो. त्याहून मोठी अडचण अशी कीं, पेरॉव्हस्काइटमधील कांहीं अणुभारित कण वीज सोडतांच हळूंहळूं जागा बदलूं लागतात आणि चित्र पाहतां पाहतां पालटतें. पहिल्या क्षणाचें चित्र आणि पांच मिनिटांनंतरचें चित्र एक नसतें. सिलिकॉन हा शांत रोगी, पेरॉव्हस्काइट हा चंचल. म्हणून चित्राबरोबर त्याची वेळ व प्रवाह यांची नोंद नसेल, तर त्या चित्रास फारशी किंमत नाहीं.

या सर्व सूक्ष्म विद्येचा गोंदियाच्या शेतकऱ्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचा व भरंवशाचा आहे. सौर पॅनेल हें पंचवीस वर्षांच्या हमीवर विकलें जातें. तें एकदां छपरावर चढलें कीं त्याचें पोट उघडून पाहतां येत नाहीं. वैशाखांत या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां उन्हांतलें पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतें. सिलिकॉनची शक्ति दर अंशास शेंकडा ०·३ ते ०·४ नें घटते. प्रमाणमापन २५ अंशांवर केलेलें असतें, म्हणजे ४० अंशांच्या फरकानें शेंकडा १२ ते १६ वीज केवळ उष्णतेनेंच कमी होते. पुढें मृगापासून ओल लागते ती लागते. पेरॉव्हस्काइटचे तर उष्णता आणि ओलावा हे दोन्ही जुने वैरी आहेत.

मुंबईच्या उपरोक्त केंद्रानें राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या साहाय्यानें २०१३, २०१४, २०१६ व २०१८ सालीं देशभर हिंडून, शेतांतल्या व छपरांवरच्या पॅनेलांची पाहणी केली. विजेचीं मापें घेतलीं, उष्माचित्रें व दीप्तिचित्रें काढलीं. उष्ण प्रदेशांतील पॅनेलें थंड प्रदेशांतील पॅनेलांपेक्षां लवकर झिजतात, आणि छपरांवरील लहान संचांची स्थिति मोठ्या संचांहून वाईट असते, असें त्यांत दिसून आलें. बाहेरून धड दिसणाऱ्या कांचेखालीं सिलिकॉनला गेलेले तडे दीप्तिचित्रांनींच उघड केले. असे तडे वाहतुकींत, बसवितांना, किंवा धुण्यासाठीं कोणी पॅनेलावर पाय दिल्यानें जातात. ज्यांच्या घरावर पॅनेल आहे, त्यांनीं एवढा बोध तरी अवश्य घ्यावा कीं त्यावर पाय ठेवूं नये, आणि घेतेवेळीं कारखान्यांत त्याचें दीप्तिचित्र काढलें होतें काय हें विक्रेत्यास विचारावें.

जोडघट गोंदियाच्या छपरांवर येईल तेव्हां येईल. तो येण्यापूर्वीं पंचवीस उन्हाळे आणि पंचवीस पावसाळे तो सोसूं शकतो, हें सिद्ध व्हावें लागेल. आणि पंचवीस वर्षें वाट पाहण्यास कोणास सवड नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंत त्यास कृत्रिम ऊन व ओल देऊन, दर कांहीं तासांनीं दोन्ही थरांचीं चित्रें घेऊन, पहिला डाग कोणत्या थरांत, कोणत्या कोंपऱ्यांत उमटला हें पाहत राहणें हाच मार्ग उरतो. एकूण वीज कमी झाल्याचें मापकास कळेपर्यंत रोग जुना झालेला असतो. डाग त्याच्या पुष्कळ आधीं दिसतो. धान पिवळें पडण्याची वाट पाहणारा शेतकरी आणि पहाटे उठून बांधाची कोरडी बाजू पाहून येणारा शेतकरी, यांच्यांत जो फरक आहे तोच येथें आहे. पीक कोणाच्या पदरांत पडतें, हें या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको.